हातापायांची नोंद झाली, डोक्याची राहिली

५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली त्या दिवशी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली आणि हिंदी मालकीच्या जहाजवाहतुकीला तोंड फुटले, हे दरवर्षी भाषणांत सांगितले जाते. त्या बोटीचा आधीचा जन्म मात्र फारसा कोणी सांगत नाही. कॅनडाच्या एका कंपनीची ही जुनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १९१४च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली, नाव बदलले आणि हिंदी सैनिकांसाठी तिची इस्पितळ-बोट केली. महायुद्ध संपेपर्यंत ती जखमींच्या वाहतुकीसाठी होती. सिंदिया कंपनीने घेतली तेव्हा तिच्या खोल्यांतून आजारी माणसांच्या खाटा निघून फार दिवस झाले नव्हते.

त्या चार वर्षांत अशा कितीतरी बोटी मुंबईच्या धक्क्याला लागल्या. त्यांतून उतरणाऱ्यांचे हात, पाय, डोळे, छाती यांची नोंद झाली. पाय गेलेल्याला कुबड्या मिळाल्या, हात गेलेल्याला पेन्शन मिळाली. पण तोफगोळा जवळ फुटल्यापासून ज्याला सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नव्हते, दोन कामे एकत्र करता येत नव्हती, रात्री झोप आणि दिवसा लक्ष लागत नव्हते, अशा माणसाच्या जखमेला रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता. मला त्या माणसाविषयी लिहायचे आहे. गिरगावापासून लालबागपर्यंतच्या चाळींत तो राहून गेला आणि त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

युद्ध सुरू झाले तेव्हा मुंबई बंदर त्यासाठी जणू सज्जच होते. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४च्या मार्चमध्ये खुली झाली होती. ऑक्टोबरमध्ये मुंबईहूनच सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड निघाली आणि ६ नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओ येथे उतरली. तुर्कांविरुद्धची मेसोपोटेमियाची म्हणजे आजच्या इराकची मोहीम सुरू झाली. या डिव्हिजनमध्ये ११७वी मराठा, ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि १०३री मराठा लाइट इन्फन्ट्री अशा तीन मराठी पलटणी होत्या. त्यांतले जवान सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे.

म्हणजेच ज्या गावांतून मुंबईच्या गिरण्यांना माणसे येत, त्याच गावांतून पलटणीलाही जात. एक भाऊ शेतावर, एक लालबागेत गिरणीत आणि एक पलटणीत, ही त्या काळच्या कितीतरी घरांची वाटणी होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागले ते अशा हिशेबाने. परळ तर निवृत्त लष्करी माणसांना परके नव्हतेच. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब घेऊन येथल्याच चाळीत राहिले होते आणि त्यांचा मुलगा भीमराव, पुढचे डॉ. आंबेडकर, येथूनच शिकायला जात होता.

आता क्षणभर युरोपकडे वळू, कारण या जखमेला नाव तिकडे मिळाले. फेब्रुवारी १९१५मध्ये चार्ल्स मायर्स या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये तीन सैनिकांची हकिकत छापली. तिघांच्याही जवळ तोफगोळे फुटले होते. लेखाच्या शीर्षकातच स्मृती, दृष्टी, गंध आणि चव गेल्याचा उल्लेख आहे, आणि त्या यादीत स्मृती सर्वांत आधी आहे. ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकाच्या छापील पानावर आला तो येथे. सुरुवातीची समजूत अशी होती की गोळ्याच्या धक्क्याने मेंदूलाच मार बसतो. फ्रेडरिक मॉट या विकृतिशास्त्रज्ञाने बाहेरून एकही ओरखडा नसताना दगावलेल्या दोन सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि आत रक्तस्रावाचे बारीक ठिपके दाखवले. पण अशा रुग्णांची संख्या वाढत गेली. गोळ्याजवळ नसलेल्यांनाही तसाच त्रास होऊ लागला, तेव्हा मत फिरले. हा मनाचा कमकुवतपणा असावा, काही जण तर ढोंगच करत असावेत, असे अधिकारी म्हणू लागले. १९१७मध्ये ब्रिटिश लष्कराने हा शब्द वापरायलाच बंदी केली. कागदावर ‘अजून निदान न झालेला मज्जाविकार’ अशा अर्थाची अक्षरे लिहायची. त्यातही पंक्तिप्रपंच होताच. अधिकाऱ्याला झाला की तो थकव्याचा आजार, साध्या शिपायाला झाला की हिस्टेरिया.

हिंदी शिपाई या पंक्तीच्याही बाहेर बसला. त्याच्याविषयी अधिकाऱ्यांना पडलेला पहिला प्रश्न दुखण्याचा नव्हताच, तो खोटेपणाचा होता. फ्रान्समध्ये १९१४च्या हिवाळ्यात अनेक हिंदी जवानांच्या हातांना जखमा दिसल्या, तेव्हा ‘हे स्वतःच गोळी मारून घेतात’ असा संशय पसरला. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी एक हजार जखमांची तपासणी करून १९१५मध्ये अहवाल दिला आणि त्या संशयाला आधार सापडत नाही, असा निष्कर्ष काढला. डोळ्यांना दिसणाऱ्या, बोटाने मोजता येणाऱ्या जखमेवरच्या संशयासाठी एक हजार जखमा तपासाव्या लागल्या. मग न दिसणाऱ्या जखमेवर कोण विश्वास ठेवणार होते? हिलरी बक्स्टन या इतिहासकार स्त्रीने २०१८मध्ये ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला. हिंदी सैनिकांना शेल शॉकच्या निदानापासून वंशाच्या कल्पनांमुळे कसे दूर ठेवले गेले, हे त्यात दाखवले आहे. ‘लढाऊ जाती’चा माणूस मनाने मोडत नाही आणि मोडला तर तो लढाऊ जातीचा नाही, अशी ती कात्री होती. मराठ्यांच्या बाबतीत तर ती जास्तच धारदार होती, कारण उत्तरेकडच्या जातींच्या तुलनेत मराठ्यांचा लढाऊपणा ओसरला आहे, अशी कुजबूज तेव्हाच्या लष्करात होती. आपण कच्चे नाही हे सिद्ध करायला निघालेल्या पलटणीतला जवान ‘साहेब, मला आठवत नाही’ असे तोंडाने म्हणणे कठीणच.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे पुणे डिव्हिजनची मोठी लढाई झाली. हजारो जखमी झाले आणि त्यांना वाहून आणायची सोय जवळजवळ नव्हती. स्प्रिंग नसलेल्या गाड्या, मग नदीतली गच्च भरलेली बोट, मग बसरा. ‘मेजिदिए’ ही वाफेची बोट बसऱ्याला लागली तेव्हा तिच्या कडांवरून दोऱ्या लोंबत आहेत असे लांबून वाटले. जवळ आल्यावर कळले की तो विष्ठेचा थर आहे. ही साक्ष मेजर मार्कहॅम कार्टर या डॉक्टरने दिली. तो ‘व्हरेला’ या इस्पितळ-बोटीवर होता आणि खरे बोलल्याबद्दल त्याला वरिष्ठांच्या धमक्या ऐकाव्या लागल्या. पुढे मेसोपोटेमिया कमिशन बसले, १९१७मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. अहवालात खाटा, पट्ट्या, बर्फ, बोटी या सगळ्यांची झाडाझडती आहे. बोटीच्या डेकवर तेरा-तेरा दिवस कण्हणाऱ्यांमध्ये पडून राहिलेल्या माणसाच्या मनाचे पुढे काय झाले, याची झडती कोणी घेतली नाही.

टेसिफोनहून मागे हटलेली डिव्हिजन कुत या गावात अडकली. १४७ दिवसांचा तो वेढा. धान्य होते पण दळायला साधन नव्हते, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकावे लागले. घोड्याचे मांस खायला हिंदी जवानांपैकी बहुतेकांनी बराच काळ नकार दिला आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. वर तोफांचा मारा चालूच होता. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि उरलेले कैदेत गेले. कोणी वाळवंटातून चालत नेले गेले, कोणी रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर. कैदेत गेलेल्या हिंदी माणसांपैकी सुमारे तीन हजार परतले नाहीत. जे १९१८च्या अखेरीस आणि १९१९मध्ये परतले, त्यांतले कितीतरी मुंबईच्या धक्क्यावर उतरले.

या काळात मुंबई इस्पितळांचे शहर झाली होती. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती वास्तुकार जॉर्ज विटेटची घुमटाची इमारत युद्धाच्या सुमारास बांधून झाली होती. पण तिच्यात पुतळे आणि नाणी मांडण्याआधी सैनिकांच्या खाटा मांडल्या गेल्या. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचा थोरला मुलगा जेरार्ड सप्टेंबर १९१४मध्येच फ्रान्समध्ये मारला गेला होता. शहरातल्या एका युद्ध-इस्पितळाला त्याचे नाव देण्यात आले. त्याची आई लेडी विलिंग्डन हिने स्त्रियांना जमवून युद्धनिधीचे काम धडाडीने चालवले आणि १९१७मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढले. अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना हाताचे काम शिकवून पोटापाण्याला लावायचे, हा त्याचा हेतू. संस्था उत्तम होती आणि अजूनही आहे. १९२२च्या सुमारास ती पुण्याजवळ खडकीला गेली आणि आज शंभर वर्षांनंतरही अपंग जवानांना शिकवते आहे. या कामाचे मोल मला कमी करायचे नाही. पण शाळेत शिकायला लक्षात ठेवणे जमावे लागते. पाय गेलेला माणूस बसून शिवणयंत्र चालवायला शिकतो. ज्याला कालचा धडा आज कोरा वाटतो, त्याने कोणत्या शाळेत जायचे?

वॉर्डात हे लक्षात का आले नसेल, याचे उत्तर मेंदूच्या स्वभावातच आहे. खाटेजवळ येऊन डॉक्टर किंवा कारकून काय विचारत असणार? नाव, नंबर, पलटण, गाव, बापाचे नाव. या पाच गोष्टी शिपायाच्या हाडात मुरलेल्या असतात. हजार वेळा घोकलेली माहिती मेंदूच्या दुखापतीनंतरही बहुधा शाबूत राहते. शिपाई झोपेतून उठवला तरी घडाघडा उत्तरे देईल आणि विचारणारा ‘शुद्धीवर, उत्तरे बरोबर’ असे लिहून पुढच्या खाटेकडे जाईल. बिघाड असतो तो नव्या गोष्टी धरून ठेवण्यात. सकाळी काय खाल्ले, काल पट्टी कोणी बदलली, शेजारच्या खाटेवरच्याचे नाव काय, घरी पाठवायच्या पत्रात काय सांगायचे ठरले होते, हे प्रश्न विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते. त्यासाठी त्याची भाषा यावी लागते आणि शेजारी बसायला वेळ लागतो. हिंदी वॉर्डांत दोन्हींची टंचाई होती.

आजचे वैद्यक या त्रासाचे दोन प्रवाह सांगते आणि अनेक सैनिकांत दोन्ही एकत्र मिसळलेले असतात. स्फोटाची हवेची लाट कवटीतून जाते, मेंदू हादरतो, त्याच्या दोऱ्यांसारख्या बारीक तंतूंना ताण बसतो. अशाने आठवण पुसून टाकल्यासारखी जात नाही. विचाराचा वेग मंदावतो, लक्ष पटकन सुटते, चार पायऱ्यांचे काम तिसऱ्या पायरीवर अडते, माणूस लवकर चिडतो आणि लवकर थकतो. दुसरा प्रवाह भयाचा. भयाने हादरलेले मन सतत पहाऱ्यावर असते. एक विशिष्ट दिवस पुन्हा पुन्हा अंगावर येतो आणि आजचा दिवस मात्र नीट टिपला जात नाही. एकीकडे विसरता येत नाही आणि दुसरीकडे लक्षात राहत नाही, असा हा दुहेरी जाच. यातल्या दुसऱ्या प्रवाहाला अमेरिकेतल्या मानसरोगतज्ज्ञांनी १९८० साली अधिकृत आजार मानले. पहिल्याच्या बाबतीत २०१६मध्ये ‘लॅन्सेट न्युरॉलॉजी’त डॅनिएल पर्ल आणि सहकाऱ्यांनी स्फोट सोसलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मेंदूंतले विशिष्ट ठिकाणचे व्रण दाखवले. मॉटने शंभर वर्षांपूर्वी जे सुचवले होते, त्याकडे विज्ञान वळसा घालून परत आले.

१९१९च्या मुंबईत यातले काही नव्हते. अगदीच हाताबाहेर गेलेल्यासाठी १९१२चा ल्युनसी म्हणजे वेड्यांविषयीचा कायदा आणि ठाण्याच्या नौपाड्यातले १९०१पासूनचे वेड्यांचे इस्पितळ होते. वॉर्ड आणि वेड्यांचे इस्पितळ यांच्यामध्ये मोठे मैदान मोकळे होते आणि विसरणारा, गोंधळणारा, पण वेडा नसलेला जवान त्या मैदानात उभा होता. साधारण रुग्णालयात मनाच्या आजारांचा बाह्यरुग्ण विभाग मुंबईत यायला १९३८ उजाडले, तो जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी सुरू केला. परळचे केईएम रुग्णालय तर १९२६ साली उघडले.

मग हा जवान गेला कुठे? बहुतेक गावी. काही मुंबईतच भावाच्या, मेहुण्याच्या खोलीवर राहिले असणार, कारण गावाकडे दुष्काळ होता आणि १९१८च्या इन्फ्लुएन्झाने घरेच्या घरे बसली होती. ही साथही जूनमध्ये बंदराच्या बाजूनेच शहरात शिरली. सुरुवातीला आजारी पडलेल्यांत पोलीस शिपाई होते, त्यांत गोदीवर पहारा देणाराही होता. जानेवारी १९१९मध्ये महागाईने पिचलेल्या गिरणी कामगारांचा संप झाला आणि लाखावर माणसे रस्त्यावर आली. अशा शहरात तो उतरला.

त्या खोलीचा विचार करा. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारे. पहाटे गिरणीचा भोंगा. ज्याला अचानक आलेल्या आवाजाने आजही खंदक आठवतो, त्याच्यासाठी तो भोंगा काय असेल? सकाळी गिरणीच्या दरवाजावर बदली कामगारांच्या रांगेत उभे राहायचे, जॉबरने म्हणजे मुकादमाने हात केला तर आत जायचे. दोन-दोन माग एका वेळी सांभाळायचे, तुटलेला धागा क्षणात पकडायचा, आणि हे सगळे कान बधिर करणाऱ्या खडखडाटात. लक्ष विभागून ठेवणे आणि वेग, नेमक्या याच दोन गोष्टी दुखावलेल्या मेंदूला जमत नाहीत. असा माणूस विणकर म्हणून टिकणे अवघडच. हमाली, झाडलोट, रखवाली अशी कामे त्याच्या वाट्याला येणार. खाणावळीचे पैसे दिले की नाही हे आठवेना म्हणून भांडण, मनीऑर्डर पाठवल्याची खात्री नाही म्हणून गावाकडून बोलणी. या गोष्टी मी कोणाच्या डायरीतून घेतलेल्या नाहीत, कारण अशी डायरी लिहिणे हाच ज्याचा तुटलेला धागा होता, त्याने ती लिहावी कशी? ही त्या कामाच्या आणि त्या आजाराच्या स्वरूपावरून काढलेली गोष्ट आहे आणि ती फार चुकत असेल असे मला वाटत नाही.

घरच्यांकडे या अवस्थेसाठी शब्द होते. ‘पलटणीतून आल्यापासून असाच आहे.’ ‘डोक्यावर परिणाम झालाय.’ ‘बाहेरची बाधा असंल.’ मग अंगारा, गाऱ्हाणे, देवाचा कौल. या उपायांना हसू नये. माणसाला एकटे सोडायचे नाही, त्याच्यासाठी चार जणांनी जमायचे, एवढे तरी त्यात होते आणि सरकारने तेवढेही केले नाही. खरे ओझे वाहिले ते बायकांनी. नवऱ्याच्या वाटणीची आठवण ठेवायची, त्याच्या रागाला पुरे पडायचे आणि वर ‘बाईनंच काही करणी केली’ असे ऐकायचे. शौर्यपदकांच्या यादीत या बायकांचे नाव नाही.

१९२२ हे वर्ष मला या सगळ्या हकिकतीचा शेवटचा दरवाजा वाटते. त्या वर्षी १० जानेवारीला म्युझियम लोकांसाठी उघडले. क्वीन मेरी शाळेने मुंबई सोडली. लष्कराची पुनर्रचना होऊन मराठा पलटणींचे जुने नंबर गेले आणि बेळगाव हे त्यांचे घर झाले. ११७व्या पलटणीला त्याआधीच ‘रॉयल’ पदवी मिळाली होती. मराठ्यांच्या लढाऊपणाविषयीची कुजबूज कुतने कायमची बंद केली होती. उलट १९१७मध्ये उभी केलेली १११वी महार पलटण १९२१मध्येच मोडली गेली आणि तिच्या जवानांना तर कागदपत्रे विचारायला जाण्यासाठी पलटणच उरली नाही. याच १९२२ साली लंडनमध्ये लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने शेल शॉकवरचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये या विकारासाठी हजारो माणसांना पेन्शन मिळत होती. तोच गोळा, तोच खंदक. पण सातारच्या जवानासाठी असा अहवाल झाला नाही.

पुढची पन्नास वर्षे भराभर सांगता येतील, कारण मूळ पद्धत बदलली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही दारूगोळ्याने भरलेली बोट फुटली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, शेकडो माणसे मेली. मेलेल्यांचे स्मारक झाले आणि ते योग्यच झाले. त्या स्फोटाच्या लाटेतून वाचलेल्या गोदी कामगारांचे, बंबवाल्यांचे आणि खलाशांचे पुढे डोके कसे चालले, याचा मागोवा घेतला गेला नाही.

मग १९६५. पेठ इस्लामपूरचा मुरलीकांत पेटकर हा लष्कराच्या ईएमई या यांत्रिकी शाखेचा तरुण जवान पाकिस्तानशी झालेल्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. कुलाब्याच्या आरमारी ‘अश्विनी’ रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. तेथून तो पोहण्याकडे वळला. विजय मर्चंट यांच्या संस्थेने मदत केली आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन त्याने सुवर्णपदक जिंकले. भारताचे हे पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण. २०१८मध्ये पद्मश्री आणि २०२४मध्ये चित्रपट, इतके सर्वांना माहीत आहे. पेटकरांनी मुलाखतींत आणखी एक गोष्ट सांगितली आहे: जखमी झाल्यानंतर दीर्घ काळ त्यांची स्मृती गेली होती आणि ती पुढे परत आली. त्यांच्या कहाणीतले हे महिने बहुतेक लेखांत एका ओळीत उरकले जातात. पाय गेले हे आपल्याला लगेच कळते. स्वतःचे नाव, घर, आई आठवत नसताना माणूस रुग्णालयाच्या छताकडे पाहत कसा पडून राहिला असेल, याकडे आपले लक्ष जात नाही. पेटकरांना स्मृती परत मिळाली. ज्यांना ती अर्धीच मिळाली त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत.

कायद्याने मात्र अलीकडे थोडे ऐकले. मेंदूच्या आजारात नेहमी अडसर असे तो एकच प्रश्न: हा आजार नोकरीमुळे झाला, हे सिद्ध करा. धरमवीर सिंह या सिग्नल कोरच्या जवानाला फिटच्या विकारामुळे १९९४मध्ये घरी पाठवले आणि पेन्शन नाकारली. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतूनच उद्भवला असे धरून चालायचे आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, असे तत्त्व त्यात मांडले गेले. कुतहून परतलेल्या शिपायाला हे वाक्य शंभर वर्षे आधी मिळायला हवे होते.

लालबाग, परळ, दादर, गिरगावात आजही निवृत्त जवानांची घरे आहेत. त्यांत कोणी सत्तरीचा गृहस्थ हल्ली गोष्टी विसरत असेल, हिशेब चुकवत असेल, दिवाळीतल्या सुतळी बॉम्बने दचकून घराबाहेर पडत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांना विचारा की नोकरीत स्फोटाजवळ कधी होतात का, डोक्याला मार बसला होता का, किती वेळ शुद्ध नव्हती. ही माहिती कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. महिने उलट्या क्रमाने सांगा, फाल्गुन, माघ, पौष, असे एवढे साधे विचारले तरी कुठे अडते ते डॉक्टरांना पुष्कळ कळते. २००३पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएसची दवाखान्यांची योजना आहे, तिचा उपयोग करून घ्या.

आणि ज्यांच्या घरात पणजोबांचे डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे पुस्तक, बसऱ्याहून आलेले पोस्टकार्ड अजून ट्रंकेत पडून असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. त्याचे फोटो काढा, सोबत घरात सांगितली जाणारी गोष्ट लिहा, ‘पलटणीतून आल्यापासून असाच होता’ हे वाक्यसुद्धा लिहा, आणि फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागाराकडे किंवा एखाद्या इतिहास मंडळाकडे त्याची प्रत द्या. सरकारी रजिस्टरने जो रकाना ठेवला नाही, तो भरण्याचे साधन आता फक्त तुमच्या घरात उरले आहे.